कासवांवरचा आळ

परत आल्यापासून जो भेटतो तो ऱ्हाईन नदी कशी आहे आणि कोलोनचं चर्च कसं आहे ते विचारतो. नदी मोठी आहे, चर्चही मोठं आहे. पण माझे जर्मनीतले निम्मे दिवस कासवांमागे गेले, तेव्हा मी कासवांबद्दल लिहिणार. ज्यांना चर्च हवं आहे त्यांनी फोटो बघावेत, ते भाचीने काढलेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी तीस वर्षं हिवताप विभागात नोकरी केली, बहुतेक सगळी मिरज तालुक्यात. काम सोपं. घरोघरी जायचं, रांजण, बॅरल, कूलर, टायर, करवंट्या, जिथे पाणी साचतं तिथे बॅटरी मारून बघायचं. अळ्या दिसल्या की भांडं पालथं करायचं, भिंतीवर खडूने तारीख आणि निकाल लिहायचा आणि पुढच्या घरी. लोकांनी शिव्या दिल्या, एकाने कुत्रं सोडलं, एका आजींनी रोज ताक पाजलं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. हाताची सवय काही निवृत्त झाली नव्हती, आणि त्यावरूनच पुढचं सगळं घडलं.

कोलोन, गुरुवार

केतकी माझ्या बहिणीची मुलगी. कोलोनच्या एका संस्थेत पीएचडी करते. विषय असा, की शेतीसारखे पाळलेले सरपटणारे प्राणी, त्यांना डासांमुळे होणारे विषाणू आणि त्यातून माणसाला असलेला धोका. ताईला हा विषय कधी पटला नाही. मला विमानतळावर सोडताना ती म्हणाली, "तिला समजाव आणि बरोबर घेऊन ये. डासच बघायचे तर सांगलीत कमी आहेत का?" मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काही करणार नाही, हे ताईलाही माहीत होतं.

केतकीने मला बोलावलं त्यात स्वार्थ होता. तिची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि अकरा दिवस कासवं धरायला भक्कम हाताचं माणूस हवं होतं. संस्थेने माझ्याकडून आठ कागदांवर सह्या घेतल्या आणि हातमोजे कसे काढायचे याचं दोन तासांचं प्रशिक्षण दिलं. शिकवणारा माझ्या मुलाच्या वयाचा होता. शेवटी त्याने मला "गेनाऊ" म्हणजे अगदी बरोबर, असं सर्टिफिकेट दिलं.

रात्री जेवताना मी केतकीला विचारलं, "मला साध्या भाषेत सांग. कासवाला डास चावतो, त्याने माणसाचं काय बिघडतं?"

"डास पक्ष्याकडून वेस्ट नाईलचा विषाणू उचलतो आणि घोड्याला नाहीतर माणसाला देतो," ती म्हणाली. "घोडा, माणूस आजारी पडतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की पुढच्या डासाला तो मिळत नाही. साखळी तिथे तुटते. मगरींचं तसं नाही. दुसऱ्या देशांत कातड्यासाठी मगरी पाळतात ना, त्यांच्या रक्तात तो एवढा वाढलेला सापडला की डास तिथूनही उचलेल. त्या शेतांवर काम करणाऱ्या माणसांनाही झाला."

"आणि कासवं?"

"तेच तर. कुणी धड पाहिलेलंच नाही."

आमच्या कृष्णेत मगरी आहेत. त्या माणूस ओढून नेतात एवढंच आम्हाला माहीत. त्या डासालाही काही देत असतील, हा विचार माझ्या नोकरीत कधी कुणी केला नाही. पोरीचा विषय मला पटला.

एल्बेकाठ, शनिवार

संस्थेची गाडी घेऊन आम्ही पूर्वेला गेलो, कारण वेस्ट नाईलचा ताप जर्मनीत मुख्यतः तिकडे आहे. एल्बे नदी आमच्या कृष्णेच्या मानाने शिस्तीची. काठाला गवत, गवतात मेंढ्या, आणि गावाबाहेर छोट्या छोट्या बागांची एक वसाहत. शहरातल्या घराला अंगण नसतं, म्हणून लोक इथे वाफ्याएवढी जमीन घेतात. प्रत्येक बागेत एक लाकडी खोली, सफरचंदाचं झाड, मोजून कापलेलं कुंपण. सगळ्यांची मिळून एक संघटना असते, तिला फेराइन म्हणतात. कुंपणाची उंची किती आणि दुपारी किती वाजल्यापासून आवाज बंद, हे फेराइन ठरवते.

या वसाहतीच्या कडेला एक जुनी रोपवाटिका आहे. जमीन फेराइनची, भाड्याने घेतलेली फ्राउ, म्हणजे श्रीमती, क्राल यांनी. सत्तरीच्या बाई, उंच, एकट्या, कमरेला छाटणीची कात्री. या बाई कासवं वाढवतात आणि विकतात. जमिनीवरची, ग्रीक जातीची, मोठ्या पुरणपोळीएवढ्या घेराची. प्रत्येक कासवाचा पाठीचा आणि पोटाचा फोटो लावलेला सरकारी कागद. माझ्या रेशनकार्डावरचा फोटोसुद्धा इतका स्पष्ट नाही.

फ्राउ क्राल यांनी मला शेडमध्ये नेऊन ओळीने उभे असलेले चार फ्रिज दाखवले. हिवाळ्यात कासवं यात झोपतात. मला वाटलं केतकी भाषांतर चुकली. नव्हती चुकली. नोव्हेंबर आला की एकेक कासव पाला भरलेल्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये, आठवड्यातून एकदा दार उघडून हवा द्यायची, वसंतात बाहेर. केतकीचा खरा प्रश्न इथेच होता. हिवाळ्यात डास नसतात, मग विषाणू कुठे राहतो? कासवाबरोबर फ्रिजमध्ये झोपतो का, आणि त्याच्याबरोबर उठतो का?

त्या दोघी फ्रिजपाशी बोलत होत्या, मी बाहेर आले. शेडच्या पन्हळीखाली पावसाच्या पाण्याचं हिरवं प्लॅस्टिकचं पिंप होतं. उघडं. मी वाकले. क्युलेक्स डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकलेल्या, मधेच स्वल्पविरामासारखे कोष, कडेला काजळाच्या ठिपक्यांसारखी अंडी. आणि तिथून दहा पावलांवर कासवांचे वाफे.

मी पिंप पालथं केलं.

मी विचार करायला वेळ घेतला असता तर कदाचित केलं नसतं. पण तीस वर्षांत मी पिंपाजवळ विचार केलेला नाही. पाणी गवतात गेलं, पिंप दणकन आपटलं. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे आवाज बंदची वेळ. चार कुंपणांवरून चार टोप्या वर आल्या.

केतकी धावत आली. पिंपाच्या मागच्या बाजूला एक पांढरी पट्टी होती. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, स्थळ क्रमांक सात.

"मावशी," ती म्हणाली, "मे महिन्यापासून दर आठवड्याला मोजतेय मी ते."

मी म्हटलं, "चुकलं."

"चुकलं नाही, संपलं. हे एकच पिंप कासवांच्या इतक्या जवळ होतं."

फ्राउ क्राल यांचं दुःख वेगळंच होतं. पाच आठवडे पाऊस नव्हता आणि ते पाणी मागच्या पावसाचं होतं. नळाचं पाणी त्या झाडांना घालत नाहीत. मला जर्मन येत नाही, पण रागाला भाषांतर लागत नाही. मी बादली उचलली. नदीच्या बाजूच्या हातपंपापासून पिंपापर्यंत बऱ्यापैकी चाल होती. संध्याकाळी पिंप काठोकाठ भरलं तेव्हा फ्राउ क्राल यांनी दारातून हाक मारली आणि केतकीला काहीतरी म्हटलं.

"म्हणतात, ह्या बाईला जेवायला घाला, नाहीतर ही नदी आटवेल."

जेवायला सालासकट उकडलेले बटाटे, आपल्या चक्क्यासारखं क्वार्क आणि त्यावर जवसाचं तेल. मी पिशवीतून मेतकूट काढून माझ्या क्वार्कवर भुरभुरलं. फ्राउ क्राल यांनी न विचारता डबी ओढून घेतली, वास घेतला, आणि नंतर डबी त्यांच्याच बाजूला राहिली.

सोमवार ते गुरुवार

रविवारी केतकीने तिच्या प्रोफेसरांना फोन केला. मी बाजूला बसून ऐकलं, भाषा नाही, नुसता आवाज. शेवटी ती म्हणाली, "शेजारच्या बागांतली पिंपं चालतील म्हणाले. पण प्रत्येक मालकाची लेखी परवानगी, आणि बागेचा नंबर कुणालाही कळता कामा नये. डाटेनशुट्झ." म्हणजे माहितीचं संरक्षण. या शब्दाला तिकडे देवाच्या नावासारखा मान आहे.

त्याच फोननंतर तिने मला दुसरी गोष्ट सांगितली, जी ती शनिवारपासून दाबून बसली होती. पुढच्या रविवारी फेराइनची सभा होती आणि विषय होता फ्राउ क्राल यांचा भाडेकरार रद्द करण्याचा. मागच्या उन्हाळ्यात वसाहतीतल्या हेर, म्हणजे श्रीयुत, झायडल यांना वेस्ट नाईलचा ताप आला, मेंदूपर्यंत गेला. कुणीतरी पेपरात मगरींच्या शेतीबद्दल वाचलं आणि कासवांकडे बोट दाखवलं. जमीन गेली तर इतकी कासवं घेऊन फ्राउ क्राल यांना जायला जागा नव्हती. ती वाटून टाकावी लागली असती.

"आणि तू त्यांना काय सांगणार?"

"काय सांगू? रक्त तपासून झाल्याशिवाय कासवं निर्दोष आहेत असं मी म्हणू शकत नाही. निकालाला कित्येक महिने लागतील."

सकाळी आम्ही रक्त काढायचो. कासवाचं डोकं बाहेर येईपर्यंत थांबायचं, आलं की दोन बोटांनी धरून ठेवायचं, केतकी मानेच्या बाजूच्या शिरेतून थेंबभर घ्यायची. म्हशीपेक्षा कासव अवघड. म्हैस निदान लाथ मारून मोकळी होते. कासव नुसतं आत जातं आणि तुमचं वय मोजत बसतं.

दुपारनंतर मी परवानगीचे कागद आणि पिंपातल्या अळ्या बघायला फ्राउ क्राल यांचं सूप वाढायचं ओगराळं घेऊन बागांच्या फाटकांवर उभी राहायचे. पहिल्या बाईंनी विचारलं, टर्मीन आहे का, म्हणजे वेळ ठरवून आलात का. दुसऱ्या गृहस्थांनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मिरजेत दहा घरं झाली असती तेवढ्यात एक सही. पण सही केल्यावर माणूस बदलतो. मग पिंप दाखवतो, सफरचंदं देतो, ओगराळ्यात वाकून बघतो आणि विचारतो, हे सगळं माझ्याकडे?

जवळपास सगळ्यांकडे होतं. पावसाचं पाणी साठवणं हा तिकडे सद्गुण आहे आणि सद्गुणावर कुणी झाकण ठेवत नाही. केतकीचे नमुने काढून झाले की उरलेल्या अळ्या मी फ्राउ क्राल यांच्या काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवायचे, तोंडाला जाळी, बुडाला नंबर. केतकीला काही सुटं मोजायचं असेल तर असू देत, म्हणून.

हेर झायडल यांच्या फाटकावर मी बुधवारी गेले. पूर्वी ते पोस्टमन होते, सायकलवरून चार गावं करायचे. आता दोन काठ्या. सही करायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी दुसरीकडे बघत उभी राहिले. त्यांचं पिंप खोलीच्या मागे, बाकाला लागून होतं. संध्याकाळी नवरा-बायको ज्या बाकावर बसतात त्या बाकाला. मी ओगराळं बुडवलं आणि वर काढलं. तीस वर्षांत इतकं भरलेलं ओगराळं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यांनी विचारलं, कसं आहे? केतकीने कागदावर लिहिलेलंच वाचून दाखवलं, निकाल एकत्रित कळवला जाईल. मी बरणीच्या तोंडाला जाळी बांधली.

शनिवार

आमचं भांडण शनिवारी झालं, फ्राउ क्राल यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या समोर. आम्ही मराठीत भांडत होतो आणि त्या बटाटे सोलत होत्या.

"उद्या बरण्या सभेत घेऊन जाऊ," मी म्हटलं. "नंबर लावून. बघू देत कुणाकडे काय आहे."

"मावशी, इथे भिंतीवर खडूने लिहीत नाहीत. मी सगळ्यांना सही देऊन सांगितलंय, नंबर बाहेर जाणार नाही. गेला तर माझं काम बंद."

"आणि नाही गेला तर हिची कासवं बंद."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. शब्द दिलाय."

मिरजेत आम्ही कुणाला शब्द दिलाच नाही कधी. सरळ आत शिरलो आणि भिंतीवर लिहिलं. शेजाऱ्यांनी वाचलं की लाजेने तरी माणूस झाकण ठेवतो, हे आमचं शास्त्र. पण पोरगी खरं बोलत होती, आणि तिच्या शब्दावर ओगराळं बुडवून मी त्या बागांत फिरले होते.

"बरं," मी म्हटलं. "नंबर झाकते. बरण्या मात्र नेणार."

केतकी म्हणाली, "बरणीवर काही दिसता कामा नये."

फ्राउ क्राल यांनी सुरी खाली ठेवून विचारलं, भांडण कशावरून? केतकीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरण्या धुऊन परत द्या."

रविवार, सभा

वसाहतीच्या सभागृहात दुपारी कॉफी आणि आलुबुखाराचा केक. भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो, समोर आत्ताचे अध्यक्ष हेर पोल, हातात नियमावली. पहिले पाच विषय मी सोडून देते. त्यातला एक फाटकाच्या रंगाचा होता आणि अर्धा तास चालला.

सहावा विषय आला तेव्हा फ्राउ झायडल उभ्या राहिल्या. बुटक्या, नीटनेटक्या बाई. आवाज न चढवता म्हणाल्या: नवरा सायकलवरून चार गावं करायचा, आता बुटाची नाडी मी बांधते. डॉक्टर म्हणतात डास. डासाने ते कुठून तरी आणलं ना? शेजारी इतके उष्ण देशांतले प्राणी ठेवायचे आणि मग म्हणायचं माहीत नाही. त्या बोलत होत्या त्यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं, आणि सभागृहात कुणी कप उचलला नाही.

फ्राउ क्राल म्हणाल्या, "कासवं ग्रीसची आहेत, उष्ण देशांतली नाहीत. एकवीस वर्षं इथे आहेत. मी त्यांच्याबरोबर राहते. मला काही झालं नाही." आणि बसल्या. मी कपाळाला हात लावला. मला काही झालं नाही, हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकलेलं आहे. ज्यांना हा विषाणू शिरतो त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून तर एखाद्याला ताप आला की ते कुणाला पटत नाही.

कुणीतरी केतकीला विचारलं, "तुम्ही शास्त्रज्ञ. कासवं स्वच्छ आहेत याची हमी देता?"

"नाही," केतकी म्हणाली. "अजून नाही."

सभागृहात कुजबुज झाली. तिने खोटं बोलायला हवं होतं असं मला क्षणभर वाटलं, आणि ती बोलली नाही याचं बरंही वाटलं. मी पिशवी उचलून उभी राहिले.

हेर पोल म्हणाले, पाहुण्यांना बोलण्याचा अधिकार नाही.

फ्राउ क्राल बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला पाच मिनिटं आहेत ना? मी एक वापरलं. उरलेली चार हिची."

हेर पोल यांनी नियमावली चाळली. असं करू नये, असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. जिथे सगळं लिहिलेलं असतं तिथे न लिहिलेल्याचा मोठा उपयोग होतो.

मी बरण्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. उन्हात पाणी हललं आणि अळ्या वळवळत खाली गेल्या, मग पुन्हा वर आल्या. मी मराठीत बोलले, केतकी जर्मनमध्ये सांगत गेली.

"हे तुमच्या बागांतलं आहे. कुठली बरणी कुणाची ते मी सांगणार नाही, माझ्या भाचीने तुम्हाला शब्द दिलाय. कासवांच्या रक्तात काय आहे ते तिला अजून माहीत नाही, मलाही नाही. पण कासव उडत नाही आणि चावत नाही. उडतात आणि चावतात ते हे. कासवं उद्या घालवलीत तरी हे इथेच राहणार, आणि यांना पक्षी पुरेसे आहेत."

मागून एक माणूस म्हणाला, "हा अपमान आहे."

"असेल," मी म्हटलं. "झाकण बसवा, अपमान संपेल." केतकीने हे कसं सांगितलं मला माहीत नाही, पण दोघंतिघं हसले.

मग हेर झायडल उठले. दोन काठ्यांवर उठायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सगळे थांबले. ते टेबलापर्यंत आले.

"माझी कुठली?"

मी केतकीकडे पाहिलं. ती हळू म्हणाली, "त्यांची माहिती त्यांची आहे. त्यांनी मागितली तर द्यायला हरकत नाही."

हरकत कागदावर नव्हती, माझ्या मनात होती. आजारी माणसाला त्याच्याच दारातलं पाणी भर सभेत दाखवायला मी आले नव्हते. मी म्हटलं, "त्यांना सांग, घरी येऊन दाखवते."

केतकीने सांगितलं. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं लोकांना त्यांची पत्रं दिली. वाईट बातमी आहे म्हणून कुठलं पत्र परत नेलं नाही. द्या."

मी डावीकडून तिसरी बरणी दिली. त्यांनी एक काठी टेबलाला टेकवली आणि बरणी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी जवळजवळ काळं दिसत होतं.

"ह्या अळ्या ह्या वर्षीच्या आहेत," फ्राउ झायडल म्हणाल्या. त्या त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"खरं आहे," मी म्हटलं. "मागच्या वर्षी कुठला डास चावला ते कुणी सांगू शकणार नाही. मीही नाही."

हेर झायडल यांनी बरणी बायकोच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसले. कुणावर रागावल्यासारखे दिसले नाहीत. कुणाला माफ केल्यासारखेही नाही. पत्र पोचलं, एवढंच.

त्यानंतर एकेक जण आपली बरणी मागायला आला. काही आले नाहीत, त्यांची आम्ही झाकून ठेवली. हेर पोल यांची बरणी स्वच्छ निघाली. त्यांच्या पिंपात नातीचे दोन गोल्डफिश होते आणि मासे आपलं काम करत होते. आमच्याकडे यासाठी सरकार गप्पी मासे फुकट वाटतं. हेर पोल यांना मात्र हा स्वतःचा शोध वाटला आणि त्यांनी तो इतिवृत्तात लिहायला लावला.

ठराव असा झाला, की रक्ताचा अहवाल येईपर्यंत करार राहील, आणि पुढच्या रविवारच्या आत प्रत्येक पिंपावर झाकण नाहीतर जाळी. हात वर झाले. बहुमताने मंजूर. फ्राउ झायडल यांनी ना या बाजूने हात वर केला ना त्या. त्यांचे दोन्ही हात बरणीवर होते.

बाहेर आल्यावर फ्राउ क्राल यांनी केतकीला विचारलं, "आणि अहवाल वाईट आला तर?"

"तर मी स्वतः येऊन सांगेन."

"ये. मग मी कासवांच्या वाफ्यांवर जाळी घालीन, फ्रिजला कुलूप लावीन, हातमोजे घालीन, काय म्हणशील ते करीन. घालवणार नाही."

अहवाल मी हे लिहीपर्यंत आलेला नाही. काय येईल याचा अंदाज मी करत नाही. ते केतकीचं काम आहे, आणि ताई, तू हे वाचत असशील तर, ती ते पुरं करूनच येणार आहे.

सोमवार

निघायच्या दिवशी सकाळी मी फ्राउ क्राल यांच्या पिंपाला जाळी बांधत होते. केतकी गाडीत नमुन्यांचे डबे लावत होती. फाटक वाजलं. फ्राउ झायडल होत्या, हातात जुन्या पडद्याची गुंडाळी. केतकीने गाडीतूनच भाषांतर केलं.

"विचारतायत, हे कापड चालेल का."

मी कापड उजेडात धरलं. वीण बारीक होती. चालेल म्हटलं. त्या हलल्या नाहीत, म्हणून मी दोरी घेतली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बागेत गेले. केतकी मागून आली. बाक पिंपापासून दूर ओढलेला होता. पिंप रिकामं होतं, आतून घासलेलं. हेर झायडल खिडकीत बसून बघत होते.

मी कापड तोंडावर पसरलं आणि पन्हळीचं तोंड बसेल एवढा छेद घेतला. फ्राउ झायडल काहीतरी बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"म्हणतायत, कासवांबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही."

"नका बदलू म्हणावं," मी म्हटलं. "दोरी ओढून धरा."

त्यांनी धरली. चांगली घट्ट धरली. मी गाठ मारली.